डीलरनं पत्ता चुकवला: डाव मोडायचा की पुढं न्यायचा?

बेंबळाकाठ
कापसाची मोठी वेचणी उरकली की गावातल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये होल्डेमची (पोकरचा प्रकार: प्रत्येकाला दोन बंद पत्ते, मधे पाच सामाईक पत्ते) स्पर्धा असते. चार टेबलं, दर टेबलाला नऊ जण, नो-लिमिट (एका वेळी कितीही चिपा लावता येतात). प्रवेश फुकट, प्रत्येकाला सारख्याच १०,००० च्या चिपा, संपल्या की उठायचं, शेवटी एक ढाल. पैशाचा संबंध कुठंच नाही. राज्यात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे, त्यामुळं पैसे लावून खेळायचा विषय कृपया या धाग्यावर काढू नये.

पत्ते वाटायला गावातलीच पोरं-पोरी बसतात. महिनाभर सराव होतो, पण चुका होणारच. भांडणं चुकीवरून कमी आणि चूक कशी सोडवली यावरून जास्त होतात. एका टेबलावर डाव मोडला जातो, तशीच चूक दुसऱ्या टेबलावर झाली तर तिथं डाव पुढं नेला जातो. मला नेमकं हवंय ते असं: वाटताना पत्ता उघडा पडला, फ्लॉपला (मधले पहिले तीन सामाईक पत्ते) चार पत्ते आले, बोली (चिपा लावायची फेरी) संपायच्या आधी टर्न (चौथा सामाईक पत्ता) उघडला, डीलरनं खेळणाऱ्याचे पत्ते ओढून नेले, पॉट (मधे जमलेल्या चिपा) चुकीच्या माणसाला गेला. प्रत्येक वेळी करायचं काय, आणि तसंच का करायचं? कारण सांगता आलं तरच लोक ऐकतात.

मांडवीपार
चांगला धागा. कॅसिनोत हे प्रश्न रोज सुटतात, कारण तिथं निर्णय माणूस पाहून होत नाही. मोठ्या टूर्नामेंटा बहुतेक ठिकाणी टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनचे नियम धरून चालतात. ही संघटना २००१ मध्ये उभी राहिली. त्यांचा पहिलाच नियम सांगतो की फ्लोरनं, म्हणजे आपल्या भाषेत पंचानं, खेळाचं हित आणि न्याय सगळ्यात वर ठेवावा. पण त्या नियमाचा आधार घेऊन पंचानं मनाला येईल ते करायचं नसतं. ज्या चुकीला ठरलेला उपाय आहे तिथं तोच उपाय. पहिला नियम लागतो तो उपाय ठरलेला नसेल किंवा तो लावल्यानं उघड अन्याय होत असेल तेव्हा.

चूक दिसली की डीलरनं सगळ्यात आधी हात थांबवायचे. स्वतः दुरुस्त करायला जायचं नाही. गड्डी टेबलावर, तळवा गड्डीवर, आणि पंचाला हाक. एका चुकीच्या तीन चुका होतात त्या घाईत केलेल्या दुरुस्तीनं.

आता डाव कधी मोडायचा ते. वाटप चालू असताना किंवा नुकतंच संपलं असताना यातलं काही दिसलं तर डाव मोडतो: पहिला पत्ता चुकीच्या जागेवर पडला, ज्याला पत्ते मिळायला नकोत त्याला वाटले, ज्याला मिळायला हवेत तो सुटला, गड्डीतून निघालेल्या पहिल्या दोन पत्त्यांपैकी एक जरी डीलरच्या चुकीनं उघडा पडला, एकूण कोणतेही दोन बंद पत्ते तसेच उघडे पडले, गड्डीत दोन किंवा जास्त पत्ते उताणे निघाले. एकच उताणा निघाला तर काही ठिकाणी मोडतात, काही ठिकाणी नाही. तुम्ही आधी ठरवून भिंतीवर लावा.

मोडलेला डाव परत वाटताना बटण (वाटपाची पाळी दाखवणारी खूण) हलत नाही, ब्लाईंड (बटणापुढच्या दोघांनी, स्मॉल आणि बिग, आधीच भरायच्या सक्तीच्या चिपा) तेच राहतात, मधे कोणी नवा बसत नाही. जणू तो डाव वाटलाच गेला नव्हता.

हे सगळं डाव ‘पक्का’ होईपर्यंतच. पक्का कधी झाला याची मोजणी ठरलेली आहे. आपापल्या पाळीनं झालेल्या दोन चाली, ज्यातल्या निदान एकीत चिपा पडल्या. किंवा चिपा पडोत न पडोत, कोणत्याही तीन चाली. ब्लाईंड या मोजणीत धरायचे नाहीत. म्हणजे बिग ब्लाईंडच्या पुढच्यानं फोल्ड केलं (पत्ते टाकले), त्याच्या पुढच्यानंही फोल्ड केलं, तर डाव अजून मोडता येतो. तिसऱ्यानंही फोल्ड केलं की पक्का. पहिला फोल्ड आणि दुसरा कॉल (लावलेल्या रकमेइतक्या चिपा टाकल्या), तरी पक्का. त्यानंतर ‘मला पत्ते मिळालेच नाहीत’ असं कोणी म्हणालं तर डाव त्याच्याशिवाय पुढं जातो.

पारावरचा
हे तीन चालीचं बरं सांगितलं. पण एकच पत्ता उघडा पडला त? डाव मोडत नाई म्हनता. मंग त्यालेच ठेवू द्या ना भाऊ. एक्का दिसला त त्याचं नशीब, दुर्री दिसली त तेही त्याचंच. बदलून काऊन द्यायचा?

मांडवीपार
पारावरचा भाऊ, त्यानं काही चूक केलेली नाही. तो पत्ता ठेवायला लावला तर आठ जणांना त्याचा अर्धा हात माहीत, आणि त्याला कोणाचाच नाही. ‘हवा तर ठेव, नको तर बदल’ अशी सूट दिली तर उलट होतं: एक्का आला की ठेवणार, दुर्री आली की बदलणार, आणि बाकीच्या आठांना अशी संधी नाही. म्हणून निवडच नाही, बदलायचाच.

बदलायचा कसा ते नीट पाहा, इथं फार जण चुकतात. समजा सहाव्या जागेचा पहिला पत्ता उताणा पडला. लगेच दुसरा द्यायचा नाही. दिला तर सातव्या जागेपासून पुढं सगळ्यांचे पत्ते एकेकानं सरकतात. उघडा पत्ता त्याच्यासमोर तसाच पडू द्या, वाटप पूर्ण करा, बटणाला शेवटचा पत्ता गेला की गड्डीवरचा वरचा पत्ता सहाव्याला द्या. उघडा पडलेला पत्ता पहिला बर्न (सामाईक पत्ते उघडण्याआधी न खेळता बाजूला ठेवायचा पत्ता) होतो. तो सगळ्यांना दाखवून, पालथा करून बर्नच्या जागी ठेवा. मग फ्लॉपच्या आधी पुन्हा बर्न करायचा नाही. अशानं फक्त सहाव्याचा पत्ता बदलतो, आणि फ्लॉप, टर्न, रिव्हर (पाचवा सामाईक पत्ता) ज्या जागेवर होते तिथंच राहतात.

खेळाडूनं स्वतः उचलताना उताणा केला तर मात्र तो त्याचाच. ती डीलरची चूक नाही.

गणितवाली
मांडवीपार यांनी ‘पुढचे पत्ते जागेवर राहतात’ म्हटलं, त्यावर थोडं लिहिते, कारण तिथंच लोकांचा गोंधळ होतो. गड्डी नीट पिसलेली असेल तर न दिसलेला कोणताही पत्ता दुसऱ्या न दिसलेल्या पत्त्याइतकाच चांगला. गणिताच्या हिशेबानं, वरून तिसरा पत्ता दिला काय आणि सतरावा दिला काय, कोणाचीही शक्यता बदलत नाही. मग क्रम जपायचा कशाला?

दोन कारणं. एक, क्रम ठरलेला असला की कोणाच्याही हाताला निवड उरत नाही. पत्ता कोणता द्यायचा हे डीलरनं ठरवायचं म्हटलं की संशयाला जागा झाली, मग तो डीलर कितीही सरळ असो. दोन, खेळणाऱ्याला वाटतं की ‘जो पत्ता येणार होता’ तोच आपला होता. गणितात हे खरं नसलं तरी क्रम शक्य तितका जपल्यानं हे दुखणं कमी होतं, आणि तसं करायला काही खर्च येत नाही.

पण पत्ता एकदा दिसला की हिशेब बदलतो. आता तो सगळ्यांना माहीत आहे आणि त्यावरून कोण खूश, कोण नाराज तेही चेहऱ्यावर दिसतं. म्हणून उपाय पत्ता दिसण्याच्या आधी ठरलेला हवा. नंतर ठरवलेला उपाय कितीही बरोबर असला तरी ज्याचं नुकसान झालं त्याला तो बरोबर वाटणार नाही.

वैनगंगेचा
गणितवाली ताईंच्या शेवटच्या मुद्द्याला चार पत्त्यांचा फ्लॉप हे नेमकं उदाहरण. चौथा पत्ता कोणता ते डीलरला माहीत असतं, मग तोच मागं घ्यावा, असं माझं मत. सोपं आणि क्रमालाही धरून.

मांडवीपार
वैनगंगेचा दादा, तो माहीत असतो असं वाटतं. डीलरचे हात पाहा: तीन पत्ते एकावर एक पालथे ठेवतो, मग ती चळत एकदम उताणी करून पसरतो. उताणी करताना क्रम उलटतो. वरचा खाली, खालचा वर. पसरताना डावीकडून की उजवीकडून, ते त्या डीलरच्या सवयीवर. शिवाय दोन पत्ते चिकटून आले असतील तर जास्तीचा नेमका कोणता, ते त्यालाही सांगता येत नाही. आणि फ्लॉपवर तीन बदाम आणि एक इस्पिक पडलं असेल तर प्रत्येकाची आठवण आपापल्या सोयीनं पक्की होते.

म्हणून असोसिएशनचा उपाय: चारही पत्ते पालथे करा, टेबलावर हातानं कालवा, आणि पंचानं त्यातला एक न बघता काढायचा. काढणार पंचच, डीलर नाही आणि खेळाडू तर नाहीच. उरलेले तीन फ्लॉप. काढलेला पत्ता पुढचा बर्न. इथं डीलर हमखास विसरतो: टर्नच्या आधीचा बर्न झालेला आहे, पुन्हा करायचा नाही. तो पत्ता लगेच बर्नच्या जागी ठेवून वर एक चिप ठेवली की विसर पडत नाही.

जुन्या काही नियमावल्यांत अशा वेळी फ्लॉप सगळाच परत घेऊन नव्यानं वाटतात. दोन्ही रीती चालतात, पण एका हॉलमध्ये एकच.

वैनगंगेचा
चळत उलटताना क्रम उलटतो हे लक्षात आलं नव्हतं. मत मागं घेतो.

बेंबळाकाठ
आणि बोली संपायच्या आधीच पत्ता उघडला तर? नवे डीलर सगळ्यात जास्त इथंच चुकतात. कोपऱ्यातल्या खेळाडूची पाळी राहिलेली असते आणि हे बर्न करून मोकळे.

मांडवीपार
फ्लॉप, टर्न, रिव्हर, तिन्हीचा उपाय वेगळा आहे. नऊ जणांच्या टेबलावर आकड्यांनी सांगतो म्हणजे पडताळता येईल.

फ्लॉप आधी उघडला: बर्न झालेला पत्ता बर्नच राहतो. तीन पत्ते गड्डीत परत, ३३ पत्ते पुन्हा पिसायचे, काटायचे, राहिलेली बोली पूर्ण करायची, मग बर्न न करता नवा फ्लॉप.

टर्न आधी उघडला: तो पत्ता बाजूला, सगळ्यांना दिसेल असा. फ्लॉपवरची बोली पूर्ण करा. मग एक बर्न, आणि त्याच्या पुढचा पत्ता, म्हणजे जो रिव्हरला आला असता तो, टर्न म्हणून उघडा. टर्नची बोली झाली की बाजूला ठेवलेला पत्ता गड्डीत घाला. गड्डीत २६ असतात, हा धरून २७. पिसा, काटा, आणि बर्न न करता रिव्हर.

रिव्हर आधी उघडला: बर्न तसाच. रिव्हरचा पत्ता गड्डीत परत, पुन्हा २७, पिसा, टर्नची बोली पूर्ण करा, बर्न न करता रिव्हर.

गणितवाली
आकडे बरोबर आहेत. ५२ मधून १८ हातातले, १ बर्न, ३ फ्लॉप, १ बर्न, १ टर्न गेले की गड्डीत २८. त्यातून बर्न आणि नवा टर्न गेले की २६.

टर्नच्या उपायात एक चांगली गोष्ट आहे. चूक झाली नसती तर जो पत्ता रिव्हरला येणार होता तो बोर्डवर (मधल्या सामाईक पत्त्यांत) येतोच, फक्त एक पायरी आधी. आणि आधी दिसलेल्या टर्नलाही परत यायची संधी आहे, २७ पैकी १. तो कायमचा बाहेर काढला असता तर ज्याला त्या पत्त्यानं फ्लश (एकाच रंगाचे पाच पत्ते) मिळत होता त्याचा एक पत्ता गड्डीतूनच कमी झाला असता. २७ पैकी १ म्हणजे ३.७ टक्के, फार नाही. पण शून्य नाही, आणि फरक तोच आहे.

धामणगाव_लाईन
खेळाडूंना एक सांगून ठेवा. आधी उघडलेला पत्ता पाहून ‘अरे माझं झालं होतं’ असं बोलायचं नाही. राहिलेल्या खेळाडूची बोली बाकी आहे. तो कॉल करेल की फोल्ड, यावर या वाक्याचा परिणाम होतो. पंच आल्यावरही कोणी आपले पत्ते सांगायचे नाहीत, दाखवायचे नाहीत. पंचाला फक्त एवढंच सांगायचं: पाळी कोणाची होती, पॉटमध्ये किती, गड्डीतून काय निघालं. आधी डीलर सांगेल, मग ज्यांचा डाव चालू आहे ते, एकेक जण. फोल्ड केलेल्यांनी विचारल्याशिवाय बोलायचं नाही.

आणि पंच त्याच टेबलावर खेळणारा नको. चार टेबलांना एक न खेळणारा पंच पुरतो, पण तो हॉलमध्येच हवा, चहाला बाहेर नाही.

पारावरचा
मले त डीलरनं पत्ते ओढून नेते त्याचं सांगा. सगळ्यात जास्त राग तिथंच येते मानसाले.

मांडवीपार
राग खरा आहे आणि नियम कडक आहे. आपले पत्ते सांभाळणं खेळाडूचं काम. डीलरनं चुकून पत्ते मकमध्ये (टाकलेल्या पत्त्यांच्या ढिगात) ओढले आणि ते कोणते हे शंभर टक्के सांगता येत नसेल, तर हात मेला, म्हणजे बाद. आधी कॉल झालेल्या चिपा परत मिळत नाहीत. फक्त त्यानं लावलेली किंवा वाढवलेली आणि अजून कोणी न स्वीकारलेली रक्कम परत. म्हणजे समोरच्यानं ८०० लावले, यानं २,४०० केले, आणि पुढच्याची पाळी येण्याआधी पत्ते गेले, तर १,६०० परत आणि ८०० पॉटमध्ये.

कडक का, तर मकमधून पत्ते उकरून द्यायची सोय ठेवली की पुढच्या वेळी फोल्ड केलेलाही म्हणेल ‘माझे ओढले’. पण हे उकरणं आणि ओळखणं वेगळं. दोन पत्ते मकच्या कडेला सुटे पडलेत, डीलरचा हात अजून त्यांवरच आहे, सगळ्यांनी पाहिलंय, तर पंच ते परत देऊ शकतो. आणि शोडाऊनला (शेवटी पत्ते उघडून दाखवताना) दोन्ही पत्ते नीट उताणे मांडले आणि तो हात उघड जिंकणारा असेल, तर डीलर तो मारूच शकत नाही. ओढले तरी जिंकला तोच.

धोका पहिल्या आणि नवव्या जागेला सगळ्यात जास्त, कारण डीलरचा हात तिथून जातो. त्यांच्या पत्त्यांवर काहीतरी वजन हवंच.

धामणगाव_लाईन
चिप ठेवली तर ती बोलीतली वाटते. अख्खी सुपारी बरी: गोल, जड, चिपांपेक्षा वेगळी दिसते, आणि पत्त्याला ओरखडा पडत नाही. नाणं नको, कडेनं पत्त्यावर खूण उठते. सुरुवातीलाच प्रत्येक जागेवर एक ठेवून द्या.

झाडीतला
चिपांच्या मोजणीची चूक कोणी घेतली नाही. समोरच्यानं ऑल-इन केलं (होत्या तेवढ्या सगळ्या चिपा लावल्या), खेळाडूनं विचारलं किती, डीलर म्हणाला ३,४००. यानं कॉल केलं. मोजल्यावर निघाले ४,३००. आता?

मांडवीपार
असोसिएशनच्या नियमानं ४,३००. समोरची रक्कम किती हे जाणून घेणं कॉल करणाऱ्याची जबाबदारी, डीलरनं काहीही सांगितलं असलं तरी.

गणितवाली
हा नियम मला गावच्या स्पर्धेसाठी पटत नाही. कॅसिनोतला खेळाडू समोरच्या चळती नजरेनं मोजतो, तिथं चिपांच्या चळती वीस-वीसच्या असतात, रंग वेगळे. आपल्याकडं कोपऱ्यातल्या जागेवरून समोरची चळत दिसतही नाही. डीलरचा शब्दच त्याचा डोळा. १०,००० पैकी ९०० चा फरक म्हणजे त्याच्या चिपांचा ९ टक्के. मूळ नियमातही पंचाला परिस्थिती पाहून निर्णय बदलता येतो.

मांडवीपार
ताई, तुमचं म्हणणं चुकीचं नाही. पण सूट दिली तर कॉल करणारा दोन्हीकडून सुरक्षित होतो: जिंकला तर गप्प, हरणार असं दिसलं तर ‘मी ३,४०० ऐकलं होतं’. सूट द्यायचीच तर तिची वेळ बांधा. कोणाचाही पत्ता उघडा व्हायच्या आधी आणि पुढचा पत्ता पडायच्या आधी चूक सापडली तरच कॉल करणाऱ्याला पुन्हा ठरवू द्या. त्यानंतर पूर्ण रक्कम. आणि डीलरला शिकवा: ऑल-इन आला की आकडा बोलण्याआधी चिपा पुढं ओढून पाच-पाचच्या चळतीत मांडायच्या, सगळ्यांना दिसतील अशा. मांडून सांगितलेला आकडा चुकला तरी समोरच पकडला जातो.

गणितवाली
वेळ बांधलेली असेल तर मान्य. बेंबळाकाठ दादांनी हे स्पर्धेच्या सुरुवातीला मोठ्यानं वाचून दाखवावं.

आणि बाजूच्या पॉटचा (ऑल-इनच्या रकमा कमी-जास्त असल्या की होणारा वेगळा पॉट) हिशेब डीलरकडून पाठ करून घ्या. १,२००, ३,००० आणि ५,००० असे तिघं ऑल-इन. सगळ्यात लहान रक्कम गुणिले तीन: मुख्य पॉट ३,६००. उरलेल्या दोघांचे १,८०० गुणिले दोन: बाजूचा पॉट ३,६००. मोठ्याचे २,००० ताबडतोब परत. चूक होते ती हे २,००० आधी परत न केल्यानं. ते पॉटमध्ये मिसळले की नंतर काढता येत नाहीत. वाटताना आधी बाजूचा पॉट, मग मुख्य. बरोबरी झाली आणि एक चिप जास्तीची उरली तर ती बटणाच्या डावीकडं जो पहिला जिंकणारा बसलाय त्याला.

वैनगंगेचा
पॉट चुकीच्या माणसाला गेला तर किती वेळ तक्रार करता येते?

मांडवीपार
दोन वेगळ्या मर्यादा आहेत. हात वाचण्यात चूक (स्ट्रेट, म्हणजे सलग पाच पत्ते, दिसलीच नाही, दोन जोड्यांना पॉट गेला) पुढचा डाव सुरू होईपर्यंत सांगता येते, आणि पुढचा डाव सुरू होतो तो पत्ते पिसायला घेतले की. पॉटच्या हिशेबातली चूक मात्र पुढच्या डावात ती तीन-चाली, दोन-चाली वाली मोजणी पूर्ण होईपर्यंत. डावानंतर लगेच सुट्टी असेल तर पॉट दिल्यावर एक मिनिट.

म्हणून डीलरनं जिंकणारे पाच पत्ते पुढं सरकवून, हात मोठ्यानं बोलून, मग पॉट द्यावा. दोन सेकंद लागतात. हरलेला हात त्यानंतरच मकमध्ये.

झाडीतला
पाळी सुटल्याचं थोडक्यात: डीलरनं पाचव्याला सोडून सहाव्याला विचारलं, सहावा-सातवा खेळूनही गेले. पाचव्यानं तोंड उघडायला हवं होतं. लगेच बोलला तर चाली मागं घेऊन त्याला पाळी. चाली पक्क्या होईपर्यंत गप्प राहिला तर पंच ठरवेल, आणि बहुधा त्याच्या विरोधात.

पूर्णाकाठ
आता आपल्याकडचं. कॅसिनोत लाईट जात नाही आणि कूलर नसतो.

कूलरचा झोत टेबलाकडं असेल तर वाटतानाच पत्ते उलटतात. झोत वर किंवा भिंतीकडं वळवा. वाऱ्यानं उलटलेला पत्ता वाटपात डीलरनं उघडा पाडल्यासारखाच धरा. कूलरची ओल आणि पावसाळ्याची दमट हवा कागदी पत्त्यांना फुगवते, ते चिकटतात आणि एका झटक्यात दोन जातात. तीन पत्ते मिळालेला हात बोली सुरू होण्याआधी सापडला तर डाव मोडा. नंतर सापडला तर फक्त तो हात मेला. प्लास्टिकचे पत्ते घेतले की यातल्या निम्म्या चुका होतच नाहीत. दर टेबलाला दोन वेगळ्या पाठीचे कॅट ठेवा आणि ठरावीक वेळानं बदला. डीलरनं ओल्या फडक्यानं नव्हे, कोरड्या फडक्यानं हात पुसावेत.

लाईट गेली तर शब्द एकच: ‘हात’. प्रत्येकाचे दोन्ही तळवे आपल्या पत्त्यांवर, डीलरचा तळवा गड्डीवर, पॉटला कोणी शिवायचं नाही. उजेड आला की डीलर क्रम न बदलता गड्डी मोजेल. नऊ जणांत फ्लॉपनंतर ३० पत्ते असायला हवेत. बरोबर असेल तर डाव पुढं.

गड्डी हातातून सांडली तर आधी मूळ क्रम लावता येतो का पाहा. नसेल तर फक्त गड्डीतलेच पत्ते घ्या, कालवा, पिसा, काटा, आणि त्यातूनच पुढं वाटा. मकचे आणि बर्नचे पत्ते त्यात मिसळू द्यायचे नाहीत. मकचे पत्ते ज्यांनी फोल्ड केले त्यांनी पाहिलेले आहेत.

धामणगाव_लाईन
जोकर राहून जातो तेही लिहून ठेवा. बाजारातल्या कॅटमध्ये जोकर असतातच. हातात जोकर आला तर तो कागदाचा तुकडा. आपली चाल खेळण्याआधी सांगितलं तर बदली पत्ता मिळतो, डाव मोडत नाही. जोकर हातात असताना चाल खेळला तर हात मेला. गड्डीत उताणा निघालेला एकटा पत्ता मोडायचा नसेल तर त्यालाही तसंच धरायचं.

एकसारखे दोन पत्ते निघाले, म्हणजे बदाम राणी दोनदा, तर गड्डीच खोटी. पॉट अजून कोणाला दिला नसेल तर सगळ्या चिपा ज्याच्या त्याला परत. ज्याला आधीच कळलं होतं आणि तरी तो गप्प बसून चिपा वाढवत राहिला, त्याचा परतीचा हक्क पंच काढू शकतो. हे टाळायला खेळाआधी कॅट चार रंगांत, एक्का ते राजा, टेबलावर पसरून खेळाडूंना दाखवा. चार ओळी, तेरा-तेरा. एक मिनिटाचं काम.

गणितवाली
डीलरबद्दल एक विनंती. अर्ध्या तासानं डीलर बदला. चुका थकव्यानं होतात, आणि थकलेला डीलर चूक लपवतो, तिथून खरं बिघडतं. चूक स्वतः सांगणाऱ्या डीलरवर कोणी आवाज चढवला तर पंचानं त्या खेळाडूला आधी समज द्यावी. एक वही ठेवा: वेळ, टेबल, कोणती चूक, कोणत्या टप्प्यावर, काय निर्णय. नावं नकोत. दुसऱ्या टेबलावर तीच चूक झाली की पंच वही उघडेल, आणि दादांनी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलेलं भांडण तिथंच मिटेल.

बेंबळाकाठ
वही आजच आणतो. सगळ्यांचे मनापासून आभार. एकच राहिलं: बटण चुकीच्या जागी ठेवलं गेलं आणि डाव संपल्यावर कळलं तर?

मांडवीपार
संपलेला डाव संपला, तो उकरायचा नाही. पुढच्या डावांत बटण असं फिरवायचं की शक्य तोवर प्रत्येकाला प्रत्येक जागा एकदाच मिळेल. समजा बटण तिसऱ्याकडं होतं, चौथ्याकडं जायला हवं होतं, डीलरनं पाचव्याकडं ठेवलं. त्या डावात बिग ब्लाईंड सातव्यानं भरला आणि सहाव्याचा सुटला. आता पुढच्या डावात बटण मागं चौथ्याकडं आणा: पाचवा स्मॉल, सहावा बिग. त्याच्या पुढच्या डावात ते पाचव्याकडं नेऊ नका, सरळ सहाव्याकडं न्या: सातवा स्मॉल, आठवा बिग. बटण ३, ५, ४, ६ असं फिरलं. बिग ब्लाईंड ५, ७, ६, ८ यांनी भरला. कोणी दोनदा नाही, कोणी सुटला नाही.